दाजींची ४ फुटी टाकी, दोन ऑस्कर आणि सम्पची भानगड

दाजींचा फोन आला तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा अन् दुपारचे तीन. "अरे मासे वर येऊन नुसते तोंड उघडझाप करायलेत, लाईट जाऊन दीड तास झाला, काय करू?" म्हणलं मग्गा घ्या अन् टाकीतलंच पाणी उंचावरून टाकीत ओतत बसा. मग दाजी, भाचा, शेवटी ताई बी, आळीपाळीनं पावणेपाचपर्यंत ओतत बसले, लाईट आली तेव्हा सुटले. संध्याकाळी मी गेलो तर हॉलमधी सगळीकडं पाण्याचे शिंतोडे अन् ताईचं तोंड फुगलेलं. "एक तर ह्या माशांचं काहीतरी पक्कं करा, नाहीतर ते सोडून या कुठंतरी." आता ऑस्कर काही नदीत सोडायचा मासा नाही, तो दक्षिण अमेरिकेतला, म्हणून मग पक्कंच करायचं ठरलं.

परिस्थिती अशी. गाव लातूर. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच, म्हणजे १२ घनफूट, कडेपर्यंत भरली तर ३४० लिटर. काच १० एमएम. आणली तेव्हा त्यात बोटाएवढे दोन ऑस्कर होते, वर्षात ते दहा-दहा इंचाचे झाले, अन् सोबत एक सकर, म्हणजे काचेला तोंडानं चिकटणारा मासा, जो दुकानदारानं "घाण खातंय" म्हणून दिलेला. हे सकरचं म्हणजे सगळ्यांना फसवायचं काम आहे, ते घाण खातंय कमी अन् करतंय जास्त. फिल्टर म्हणाल तर आतमधी बुडवायचा एक पॉवर फिल्टर, त्याचा स्पंज आठवड्यात चिखल व्हायचा.

मी पाणी तपासायचं किट नेलं होतं. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया १ पीपीएम (दहा लाखात एक भाग), नायट्रेटच्या नळीत ८० च्या पुढचा लालभडक रंग, पीएच ८ च्या जरा वर. बोअरचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) ९००. इथं एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. तोच १ पीपीएम अमोनिया कमी पीएचच्या पाण्यात तेवढा मारक नसतो. पीएच ७ अन् तापमान ३० अंश असलं तर त्यातला शेकडा एक भाग बी विषारी रूपात नसतो, पण पीएच ८ झाला की तोच शेकडा सात-साडेसात होतो, अन् जसं तापमान वाढेल तसा आणखी. आपलं बोअरचं खारं पाणी अन् आपला उन्हाळा, दोन्ही माशाच्या विरोधात. वरून गरम पाण्यात ऑक्सिजन बी कमी मावतो. म्हणून लाईट गेली की दीड तासात मासे वर.

ह्याच्यावर सरळ उपाय म्हणजे पाणी बदला. दाजी बदलत बी होते, आठवड्याला सव्वाशे लिटर. पण आमच्याकडं नळ येतो आठवड्यातून एकदा, अन् ज्या गावाला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावात दर रविवारी सव्वाशे लिटर मोरीत सोडायचं म्हणजे शेजारचे तोंडावर नाही बोलले तरी पाठीमागं बोलतातच, अन् ते काही चुकीचं बोलत नाहीत. म्हणून फिल्टर निवडताना दोनच प्रश्न धरले: लाईट गेल्यावर काय होईल, अन् पाणी किती वाचेल. तासाला किती लिटर, कोणत्या कंपनीचा, हे नंतर.

दुकानात सगळ्यात आधी दाखवला कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर. दिसायला भारी, आवाज नाही, पण चौदा हजार. दाजी म्हणले एवढ्यात तर दोन बकरे येतेत. पण भावापेक्षा मला त्याचं बंद डबा असणं खटकलं. फिल्टरमधले जे जिवाणू अमोनियाचं नायट्राईट अन् नायट्राईटचं नायट्रेट करतात त्यांना सतत ऑक्सिजन लागतो. पंप थांबला की बंद डब्यातला ऑक्सिजन तेच संपवतात, अन् खाली साठलेला गाळ सडायला लागतो. अर्ध्या-पाऊण तासानं काही होत नाही, पण आपल्याकडं उन्हाळ्यात डीपी उडाला की चार-पाच तास बसा, अन् मग लाईट आल्यावर तो पंप ते सगळं काळं वासाचं पाणी एकदम टाकीत ढकलतो. जिथं लाईट जात नाही तिथं कॅनिस्टर उत्तमच आहे, माझं काही म्हणणं नाही.

टॉप फिल्टर, म्हणजे टाकीच्या डोक्यावर ठेवायचा ट्रे, हा स्वस्त अन् उघडा. खरं सांगतो, माशे लहान असते तर मी तोच घ्या म्हणलो असतो. पण दहा इंची ऑस्करच्या घाणीला तो ट्रे म्हणजे लग्नाच्या पंगतीला एक पातेलं.

मग राहिला सम्प. दाजींना सम्प म्हणल्यावर वाटलं घरातली फरशी फोडून जमिनीत हौद करायचाय, कारण आपल्याकडं संप म्हणजे तोच. अन् त्यांच्या आईला वाटलं माशांनी संप केला. दोघांना समजावलं की टाकीच्या खालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी, वरचं पाणी आपोआप उतरून खाली येणार, तिथं कप्प्याकप्प्यातून गाळून पंपानं परत वर. उघडा असल्यामुळं जिवाणूंना हवा मिळत राहते, एकूण पाणी वाढतं म्हणून घाण पातळ होते, अन् हीटर, पंप असला सगळा पसारा टाकीतून बाहेर.

पहिली गाठ पडली ती पाणी खाली आणायचं कसं इथं. टाकी आधीच भरलेली, चालू. एक रस्ता असा की काचेला भोक न पाडता पीव्हीसी पाईपचा उलटा यू करून टाकीच्या काठावर अडकवायचा, सायफननं पाणी खाली. ह्याचे शेकडो व्हिडिओ आहेत, करायला सोपा, खर्च दीडदोनशे. पण हा सायफन लाईट जाऊन-येऊन कधीतरी तुटतो, वरच्या वाकणात हवेचा बुडबुडा अडकला की झालं, मग लाईट आल्यावर खालचा पंप पाणी वर टाकत राहतो अन् वरून खाली काहीच येत नाही. जिथं दिवसातून चारदा लाईट जाते तिथं ह्याच्यावर टाकी सोपवायची म्हणजे फाटक्या दोरीवर रहाट. म्हणून भोकच पाडायचं ठरलं.

दोन कारागीर भरलेली-वापरलेली टाकी बघून नाहीच म्हणले, तडकली तर कोण भरणार. तिसरा तयार झाला, पण टाकी रिकामी करून द्या म्हणला. माशांना ठेवायला ताईचे पाण्याचे दोन निळे ड्रम मागितले. तिनं एका अटीवर दिले की परत येताना माशाचा वास नको. (एक ड्रम अजून परत गेलेला नाही, ते पुढं येईल.) काच टफन केलेली नसली पाहिजे हे आधी विचारून घेतलं, कारण टफन काचेला ड्रिल लावलं की एका क्षणात तिचे चणे-फुटाणे होतात.

ते भोक पाडणं बघण्यासारखं होतं. टाकी गादीवर पालथी घातली, म्हणजे मागची काच वर. कारागिरानं ताईकडून कणकेचा गोळा मागून घेतला अन् खुणेभोवती कणकेचं आळं केलं, झाडाला करतात तसं, त्यात पाणी ओतलं अन् हिऱ्याच्या कडेचा होल-सॉ लावून ड्रिल एकदम सावकाश, दाब न देता. पाणी हळूहळू दुधासारखं पांढरं व्हायलं, ती काचेची पूड. मधीच थांबून पाणी बदलायचा. पलीकडून चिकटपट्टी लावलेली, म्हणजे चकती सुटताना काठ टवकायचा नाही. दोन भोकं, प्रत्येकाला बारा-पंधरा मिनिटं, कडेपासून निदान भोकाच्या रुंदीएवढी जागा सोडून. तेवढा वेळ दाजी अंगणात फिरत होते, आत यायचा धीर होत नव्हता.

दोन भोकं का, तर एक नेहमीच्या पाण्याचं अन् एक अडीअडचणीचं. मागच्या काचेला आतून वरच्या बाजूला काचेची छोटी पेटी चिकटवली, पाणी तिच्या कडेवरून आत पडतं अन् तिथून पाईपनं खाली. नेहमीच्या पाईपला खाली बॉल वॉल्व, तो थोडा आवळून पाईप पूर्ण भरून वाहील असं करायचं, मग ती संडासच्या फ्लशसारखी गुडगुड बंद होते. दुसरा पाईप पेटीत जरा उंच, कोरडा उभा. पहिल्यात पान-बिन अडकलं तर पाणी चढून ह्याच्यातून जाईल. टँक कनेक्टर, युनियन, एल्बो सगळं साध्या प्लंबिंगच्या दुकानातलं एक इंची. सिलिकॉन मात्र शिरक्यासारखा वास येणारं साधं घ्यायचं, बाथरूमचं बुरशी न येणारं घ्यायचं नाही, त्यात औषध असतं. अन् तीन दिवस हात लावायचा नाही.

आता सम्पची काच कापायला द्यायची. दाजींचं म्हणणं मोठ्यात मोठा करू. बरोबर आहे, पण स्टँड स्क्वेअर पाईपचं अन् मधोमध एक उभा पाईप वेल्डिंग केलेला. तीन फुटी सम्प दारातून आत जातच नव्हता. ही चूक मी बी आधी केलेली आहे, आतली जागा मोजायची अन् दार मोजायचं विसरायचं. शेवटी ३० इंच लांब, १४ रुंद, १५ उंच बसला. पूर्ण भरला तर १०३ लिटर, पण पूर्ण भरायचा नसतो, अन् इथंच सगळ्या गोष्टीची मेख आहे.

हिशोब असा. वरच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ १४ लिटर. सम्पमधी एक इंच म्हणजे ७ लिटरच्या आसपास. सम्प चालू असताना ९ इंचावर ठेवला, म्हणजे वर ६ इंच रिकामे, ४१ लिटरची जागा. पंप बंद पडला की वरचं पेटीच्या कडेवरचं पाणी अन् पाईपातलं पाणी खाली येणार, ते १७ लिटरच्या आसपास. ४१ मधी १७, आरामात. उलट बाजू बी बघायची: समजा दोन्ही पाईप तुंबले अन् पंप चालूच राहिला, तर शेवटच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाणार. तो कप्पा १० बाय १४ इंच, पंपाला ओढता येईल असं पाणी ६ इंच, म्हणजे १४ लिटर, अन् वरच्या टाकीत चालू पाण्याच्या पातळीपासून काठापर्यंत दीड इंच रिकामा, म्हणजे २१ लिटरची जागा. म्हणजे काही झालं तरी जमिनीवर पाणी यायला नको. कागदावर.

पंपाच्या बाबतीत दुकानदार म्हणला २००० लिटरवाला घ्या, खूप झाला. डब्यावरचा आकडा हा पाणी अजिबात उंच न चढवता असतो. आपल्याला सम्पच्या पाण्यापासून टाकीच्या काठापर्यंत ४५ इंच चढवायचं, म्हणजे सव्वा मीटरला थोडं कमी, अन् त्या पंपाची कमाल उंचीच १.८ मीटर लिहिलेली. म्हणजे वर जेमतेम सातशे लिटर आलं असतं. ३००० चा, ३ मीटर उंचीवाला, ४५ वॅटचा घेतला. बसवल्यावर वरच्या पाईपाखाली १५ लिटरची बादली धरली, ३५ सेकंदात भरली, म्हणजे तासाला पंधराशेच्या वर. डब्यावरच्या आकड्याच्या निम्मं. चारशे लिटरच्या एकूण पाण्याला तासाला जवळपास चार फेऱ्या, पुरे आहे.

आतल्या मालाबद्दल लई लिहीत नाही. पहिल्या कप्प्यात पांढरी वूल अन् जाड स्पंज, म्हणजे गाळ तिथंच अडायला पाहिजे, मधी जिवाणूंना बसायला सिरॅमिक रिंगा आठ किलो, शेवटी पंप. त्याच कामाचे प्लास्टिकचे बायो बॉल दिसायला भारी पण पाण्यात बुडवून ठेवले तर रिंगांपेक्षा कमीच काम करतात, ते वरून पाणी ठिबकणाऱ्या सम्पसाठी. जुन्या फिल्टरचा चिखलातला स्पंज ताई फेकून द्यायली होती, तो वाचवून नव्या सम्पमधी पिळला, कारण जिवाणूंचं विरजण त्यातच. तरी दहा-बारा दिवस अमोनिया थोडा थोडा दिसलाच, तेवढे दिवस खाणं एकदम कमी.

टाकी परत बसवताना शहाबादी फरशीनं त्रास दिला. डोळ्याला सपाट दिसते पण लेव्हल लावली तर एका कोपऱ्यात पाऊण सेंटिमीटरचा फरक. अशा टाकीत पेटीच्या कडेवरून पाणी एकाच बाजूनं पडतं, अन् पाचशे किलोचा भार तिरपा बसतो ते वेगळंच. स्टँडच्या पायाखाली पत्र्याच्या चकत्या, टाकीखाली थर्माकोल.

सगळं चालू झालं. लाईट बंद करून बघितलं, पाणी खाली आलं, बरोबर थांबलं. मी घरी गेलो. तीन आठवडे काही नाही.

मग एका रात्री दोनला लाईट गेली अन् सकाळी सहाला ताईचा फोन, दाजींचा नाही. हॉलमधी पाणी. दोन बादल्या तरी. फरशीच्या उतारानं थेट कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पोत्यापर्यंत, खालचं पोतं भिजलेलं. अन् एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर, नशीब लाईट नव्हती.

चूक माझीच. पाणी वर पडताना आवाज येतो म्हणून मी परतीच्या पाईपाचं तोंड टाकीत पेटीच्या कडेच्या ५ इंच खाली नेलं होतं. पंप थांबला की हाच पाईप उलटा सायफन होतो अन् त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत टाकी खाली ओढतो. ५ इंच म्हणजे ७० लिटर, सम्पमधी जागा ४१. उरलेले तीस लिटर ज्वारीला. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी त्याच्यासाठी पाईपात एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा वॉल्व, बसवला होता, अन् पहिल्या टेस्टला त्यानं पाणी धरलं बी. पण उघडून बघितला तर त्याच्या रबरी झडपेत वूलचा एक धागा, केसाएवढा. झडप पूर्ण बसत नव्हती. रात्रभर थेंब थेंब नाही, चांगली धार.

एनआरव्ही काढूनच टाकला. पाईपाचं तोंड पाण्याच्या एक इंच खाली आणलं अन् पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली पाईपाला ४ एमएमचं भोक पाडलं. पाणी थोडं उतरलं की भोक उघडं पडतं, हवा शिरते, सायफन तुटतो. भोकाला फक्त महिन्यातून एकदा टाचणी घालायची, शेवाळ बसतं म्हणून. मग दाजींनी दहा वेळा पंप बंद-चालू करून सम्पच्या काचेवर मार्करनं सगळ्यात वरची रेघ मारली. बोर्ड भिंतीवर नेला, अन् वायर आधी खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे पाणी वायरीवरून आलंच तर झोळातून ठिबकेल, प्लगपर्यंत जाणार नाही. ताईनं ज्वारी गच्चीवर वाळवली अन् मला त्या आठवड्यात जेवायला बोलावलं नाही.

इन्व्हर्टरचं सांगायचं राहिलं. दाजींचा जुना स्क्वेअर वेव्हचा, त्याच्यावर पंप लावला की भुणभुण करतो अन् तापतो. दिवाळीत साइन वेव्हचा घ्यायचा आहे. तोवर पंप बंद राहतो अन् टाकीत बॅटरीवरचा छोटा एअर पंप आपोआप चालू होतो, मग्गा घेऊन बसायचं काम संपलं. सम्पमधल्या रिंगा स्थिर पाण्यात असल्या तरी वरून उघड्या, त्या दोन-चार तास तग धरतात.

मे महिन्यात सम्पचा एक फायदा निघाला जो मी आधी धरलाच नव्हता. टाकीचं पाणी साडेतेहतीसला गेलेलं. सम्पवर कॉम्प्युटरचा एक जुना पंखा बांधला, पाण्यावर वारा मारणारा, अन् दोन दिवसात तीसवर आलं. माठाचंच गणित, आपल्या कोरड्या हवेत पाणी उडतं अन् उडताना उष्णता नेतं. जुलैत हवा दमट झाल्यावर तोच पंखा जेमतेम एक अंश देतो. पण उडणं फुकट नाही, दिवसाला सात लिटर जायचे, अन् सम्पमधी ही सगळी घट फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते, वरची टाकी भरलेलीच. सात लिटर म्हणजे त्या कप्प्यात तीन इंच. दोन दिवस विसरलात तर पंप हवा ओढतो अन् खर्रर्र आवाज.

ही भर कशानं घालायची ह्याच्यावर दाजींचं अन् माझं वाजलं. ते म्हणले आरओचं वाया जाणारं पाणी घालू, एवीतेवी फेकतोच. उलटं आहे ते. टाकीतून उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागंच राहतात, अन् आरओच्या वाया पाण्यात तर क्षार आणखी जास्त. भर घालायची ती आरओनं गाळलेल्या गोड पाण्याची. पाणी बदलायचं असेल तेव्हा बोअर किंवा टँकर चालेल, टँकरला क्लोरीनचा वास असला तर आधी क्लोरीन मारणाऱ्या हायपोचे चार खडे.

पाणी आता दहा दिवसातून एकदा साठ लिटर बदलतात, आधी आठवड्याला सव्वाशे होतं. नायट्रेट ३० ते ४० मधी असतं. ह्याचं सगळं श्रेय सम्पला देणं खोटं होईल, निम्मं तरी श्रेय खाणं दिवसातून तीनदाचं एकदा केलं त्याला. थोडं मधल्या कप्प्यात मुळं सोडून ठेवलेल्या मनी प्लांटला बी, त्याची पानं आता तळहाताएवढी झालीत, कपाटाचं दार लागत नाही. बदललेलं पाणी कढीपत्त्याला जातं, मोरीत नाही. सगळा खर्च आठ हजाराच्या आत, त्यात पंपच महाग, अन् भिजलेली ज्वारी धरली नाही.

ताईचा दुसरा निळा ड्रम सम्पशेजारीच उभा आहे. नळ आला की त्यात साठ लिटर भरून ठेवायचं अन् एक दिवस मुरू द्यायचं, ते भाच्याकडं आहे. ताईनं दोनदा मागितला, दाजींनी दोनदा "उद्या" म्हणलं.